तीच कंप्लेंट चौथ्यांदा यायलीय, सॉफ्टवेअर बदलू का?

काका नमस्कार. मी मूळची सेलूकडची, घरी कापूस-सोयाबीन. वाळूज एमआयडीसीत एका छोट्या युनिटमधे क्वालिटी बघते, आम्ही ४१ जण आहोत, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) टर्निंग आणि ड्रिलिंग चालतं, गाड्यांना पार्ट देणाऱ्या एका मोठ्या व्हेंडरला आम्ही बुश (मधे भोक असलेला नळीसारखा पार्ट) देतो. मागच्या वर्षी शेठनी क्वालिटीचं सॉफ्टवेअर घेतलं, १४ महिन्यांत मी त्यात ६३ कंप्लेंट भरल्या, सगळ्या वेळेत क्लोज केल्या, ऑडिटला कौतुक पण झालं. पण आडव्या भोकात बर (धातूची बारीक धार) राहते ही कंप्लेंट आता चौथ्यांदा आली आणि कस्टमरनी डेबिट नोट टाकली, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापले. शेठ म्हणायलेत सॉफ्टवेअरचे पैसे पाण्यात गेले. पुण्याहून एकजण नवीन सॉफ्टवेअर दाखवून गेला, तो म्हणतो यात सगळं आपोआप होतं. लाईनवरची पोरं म्हणतात मॅडम आल्या की कुणाचं तरी नाव लिहिणार. मी सॉफ्टवेअर बदलायला सांगू का नोकरीच बदलू? सोबत एक्सेल जोडलीय.
एक क्वालिटीवाली, बजाजनगर

ताई, नोकरी बदलू नका आणि सॉफ्टवेअर पण बदलू नका, निदान दिवाळीपर्यंत तरी. तुमची एक्सेल मी दोन रात्री बसून ओळ न् ओळ वाचली, ६३ च्या ६३, आणि तुम्ही ती मनापासून भरलीय हे दिसतंय, तारखा बरोबर, फोटो जोडलेले, कस्टमरला उत्तर वेळेत गेलेलं. पण एक गोष्ट आधी सांगतो. ती बर चौथ्यांदा आलेली नाही, तेविसाव्यांदा आलीय.

कसं ते बघा. तुमच्या दोषाच्या रकान्यात ‘बर’ असं ७ वेळा लिहिलंय, ‘बर्र’ ४ वेळा, ‘धार राहिली’ ५ वेळा, ‘डीबरींग नाही’ ४ वेळा आणि ‘कडा खराब’ ३ वेळा. माणसानी वाचलं तर कळतं की हे सगळं एकच दुखणं आहे, भोक पाडल्यावर कडेला राहणारी धातूची बारीक धार. सॉफ्टवेअरला ते नाही कळत, त्याच्या हिशोबानं हे पाच वेगळे दोष आहेत, म्हणून तुमच्या पॅरेटो चार्टमधे, म्हणजे कोणता दोष किती वेळा ते उंचीनं दाखवणाऱ्या तक्त्यात, सगळ्यात उंच खांब ‘साईज आउट’चा दिसायलाय, ११ चा, आणि तुम्ही वर्षभर त्याच्याच मागं पळालात. पाचही एकत्र करा, २३ होतात, साईजच्या दुप्पट. त्यातल्या ४ कस्टमरकडून आल्या आणि १९ तुमच्याच पीडीआयला, म्हणजे माल पाठवायच्या आधीच्या तपासणीला, नाहीतर लाईनवर सापडल्या, म्हणजे दुखणं पहिल्यापासून घरातच होतं आणि ते घरात आहे हे तुमच्या सॉफ्टवेअरमधे लिहिलेलं पण होतं, फक्त पाच नावांनी.

त्यामुळं पहिलं काम हे, आणि ते एका दुपारीत होतं. दोषाचा रकाना टाईप करायचा बंद करा, यादीतून निवडायचा करा. तुमच्यासारख्या युनिटला २०-२५ नावं भरपूर झाली. आणि ती नावं पुस्तकातली घेऊ नका, लाईनवर पोरं जे म्हणतात तेच घ्या, ‘बर’ म्हणत असतील तर ‘बर’, ‘दणका’ म्हणत असतील तर ‘दणका’, प्रत्येक नावासमोर एक फोटो, तो मशीनजवळ पण चिकटवा. यादीत नवीन नाव घालायचा हक्क एकाच माणसाकडं ठेवा, तो म्हणजे तुम्ही. एक ‘इतर’ असू द्या, पण दर आठवड्याला ‘इतर’मधे काय पडलंय ते स्वतः वाचा, नाहीतर तीन महिन्यात सगळं तिथंच जाऊन पडतं. जुन्या ६३ ओळींना पण नवीन नावं देऊन टाका, कंटाळवाणं काम आहे पण करा, त्याशिवाय मागचं काही दिसणार नाही.

दुसरं, मशीन नंबरचा रकाना. २३ पैकी १४ ओळीत तो रिकामाय. उरलेल्या ९ मधल्या ७ ड्रिल नंबर ३ च्या आहेत. एवढ्यावरनं निकाल देऊ नका, पण उद्या सकाळी पाय कुठं वळवायचे ते तर कळलं ना. सेटिंगमधे जाऊन मशीन, शिफ्ट, लॉट, मटेरियलचा हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा नंबर) आणि टूल नंबर हे पाच रकाने सक्तीचे करा, भरल्याशिवाय सेव्हच होऊ देऊ नका, ही सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमधे असते. पण पाचच हं. मी असे फॉर्म पाहिलेत ज्यात तीस-तीस रकाने सक्तीचे केलेत आणि मग रात्रपाळीचा माणूस घाईघाईत सगळीकडं एक टिंब टाकून पुढं जातो, असला डेटा नसलेला बरा.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लांब लिहायलोय ते. ६३ पैकी ४८ ओळीत मूळ कारण लिहिलंय ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि उपाय लिहिलाय ‘समज दिली’ किंवा ‘ट्रेनिंग दिलं’. ताई, रागावू नका, पण तीच बर परत परत का येते याचं उत्तर या दोन शब्दात आहे. समज दिल्यानी ड्रिलला धार येत नाही. तो पोरगा काल जे करत होता तेच उद्या करणारे, त्याच ड्रिलनी, त्याच उजेडात, तेवढ्याच वेळात, आणि आता वरून तुमच्यापासून लपवणारे. मी हे दुसऱ्याला दोष द्यायला म्हणत नाही, मी स्वतः चिकलठाण्याला असताना ऑडिटच्या आदल्या रात्री बसून अकरा वाजेपर्यंत असे फॉर्म बंद केलेत, प्रत्येकात ‘समज दिली’, आणि त्यातल्या एका फॉर्मपायी एका चांगल्या माणसाची तीन दिवसाची हजेरी कापली गेली, नंतर निघालं की फिक्श्चरची, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याची, पिनच झिजलेली होती. ते अजून मनातून जात नाही.

शिगेओ शिंगो नावाचे जपानी इंजिनिअर होते, त्यांची १९६१ ची गोष्ट तुम्हाला उपयोगी पडंल. यामादा इलेक्ट्रिक म्हणून कारखाना होता, तिथं दोन बटणांचा एक छोटा स्विच बनवायचे, प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग, आणि कामगार कधी कधी एखादी स्प्रिंग टाकायची विसरायचे. कस्टमरच्या तक्रारी, मग समज, मग थोडे दिवस बरं चालायचं, परत तेच. शिंगोंनी काय केलं, एक छोटी ताटली ठेवली. आधी डब्यातून दोन स्प्रिंग काढून ताटलीत ठेवायच्या, मग स्विच जोडायचा. जोडून झाल्यावर ताटलीत स्प्रिंग दिसली तर विसरली, तिथल्या तिथं कळलं. माणूस तोच, स्विच तोच, फक्त एक ताटली. सुरवातीला या पद्धतीला ते बाका-योके म्हणायचे, म्हणजे मूर्खालाही चुकता येणार नाही असं, पण १९६३ मधे एका कारखान्यात एक कामगार बाई ते ऐकून रडली, आम्ही काय मूर्ख आहोत का म्हणून, तेव्हा त्यांनी नाव बदलून पोका-योके केलं, नकळत होणारी चूक टाळणं. आज आपण पोका-योके पोका-योके म्हणतो ते त्या बाईच्या रडण्यातून आलेलं नाव आहे, आणि तुमची पोरं जे म्हणायलीत की मॅडम आल्या की नाव लिहिणार, ते पण त्याच जागचं दुखणंय.

म्हणून सॉफ्टवेअरमधे कारणांची पण यादी करा आणि तिच्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ ठेवूच नका. काढूनच टाका. दुर्लक्ष झालं असं वाटलं की त्याच्यापुढं अजून एक ‘का’ विचारायचा. आणि ‘का’ दोन वेगळ्या रांगेत विचारा, एकीत ‘दोष का झाला’ आणि दुसरीत ‘झाला तर झाला, पण आपल्या हातून का सुटला’. बहुतेक जण पहिलीच रांग भरतात. तुमच्या बुशचं बघा. आडवं भोक मधल्या बोअरमधे (मधल्या मोठ्या भोकात) जिथं फुटतं तिथं बर राहते, आत. का राहते, तर माझ्या मते ड्रिलची धार गेलेली असते, ड्रिल बोथट झालं की ते कापायच्या ऐवजी रेटतं आणि बाहेर पडताना धातू फाटून कडेला उभा राहतो. धार गेलेलं ड्रिल मशीनवर का राहतं, तर बदलायचं कधी हे कुठंच लिहिलेलं नाही, मोडलं की बदलतात. का लिहिलेलं नाही, तर किती भोकं झाली हे कुणी मोजतच नाही. इथं येऊन थांबा, हे कारण आहे, याला काहीतरी करता येतं. आता दुसरी रांग. का सुटलं, तर पीडीआयवाली मुलगी भोक बाहेरून बघते, बर आतय. आतून का बघत नाही, तर तिच्याकडं ना बोअरस्कोप (भोकाच्या आत बघायचा कॅमेरा) आहे ना आतून फिरवायची पिन, आणि किती बर चालंल याचा नमुना पण नाही. कस्टमरची ओ-रिंग (तेल अडवणारं रबरी कडं) त्या कडेवरनं जाताना कापते आणि तेल गळतं, त्यांच्या दृष्टीनं नखाला लागंल एवढी पण चालत नाही, तुमच्याकडं डोळ्याला दिसली नाही म्हणजे ओके. कस्टमरच्या क्वालिटीवाल्याला भेटा, चांगला, काठावरचा आणि वाईट असे तीन बुश त्याची सही घेऊन लिमिट सॅम्पल म्हणून आणा, आणि त्या सॅम्पलचा नंबर सॉफ्टवेअरमधे त्या पार्टला जोडून ठेवा.

ड्रिलचं मी म्हणतोय म्हणून मानू नका, मोजा. नवीन ड्रिल लावा, तिथून पुढं दर ५० वा बुश नंबर टाकून एका ट्रेमधे ओळीनं ठेवत जा, दिवसभर. संध्याकाळी सगळे आडवे कापा आणि आतून बघा. कितव्या नंबरापासून बर वाढली ते ट्रेच सांगंल. मग परत नवीन ड्रिल लावा, बर गेली पाहिजे, परत जुनं लावा, बर आली पाहिजे. दोष असा बटण दाबल्यासारखा चालू-बंद करता आला तरच मूळ कारण सापडलं म्हणायचं, नाहीतर तो अंदाज आहे. आणि बर गेलीच नाही तर माझा अंदाज चुकला, मग फीड बघा, मटेरियलची हीट बदलली का बघा, हाताला धार लावलेल्या ड्रिलचा कोन बघा. म्हणून तर हीट नंबर आणि टूल नंबर सक्तीचे करायला सांगितले.

तुमच्या घरी कापूस आहे म्हणून या गोष्टी तुम्हाला मी सांगायची गरजच नाही खरं तर. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, तिला काही होत नाही. म्हणून आपण काय करतो, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावतो आणि रोज पतंग मोजतो, एका सापळ्यात सलग ३ दिवस ८ किंवा जास्त पतंग आले की फवारणीचा निर्णय घेतो, नुकसान दिसायच्या आधी. आणि हंगाम संपला की फरदड (जुन्याच झाडांवर परत पीक) घेत नाही, पऱ्हाट्या रानात ठेवत नाही, कारण पुढच्या वर्षीची अळी तिथंच बसलेली असते. तुमच्या ६३ कंप्लेंट म्हणजे किडकी बोंडं मोजणं झालं. ते पण लागतं, पण सापळा अजून लागलेलाच नाही.

सापळा म्हणजे काय तर दोष व्हायच्या आधी जे बदलतं ते मोजणं. ड्रिलच्या बाबतीत भोकांचा आकडा. सीएनसी-व्हीएमसीला पार्ट काउंटर असतोच, टूल लाईफची सोय पण बऱ्याच कंट्रोलरमधे असते, ठरलेल्या आकड्याला मशीन स्वतःच थांबतं. साध्या ड्रिलला शंभर-दोनशे रुपयाचा हातातला काउंटर पण चालतो. तो आकडा शिफ्टच्या शेवटी सॉफ्टवेअरमधे टाका आणि ठरलेल्या आकड्याच्या जवळ आला की लाल दिसंल असं करा. मापांच्या बाबतीत कंट्रोल चार्ट, म्हणजे मापं क्रमानं मांडून ती सरकतायत का ते दाखवणारा आलेख. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन इंजिनिअरनी १९२४ मधे बेल टेलिफोनच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला कंट्रोल चार्ट मांडला, शंभर वर्षं होऊन गेली, आणि आजही आपल्याकडं तो ऑडिटच्या आधी एका बैठकीत भरला जातो. माप ड्रॉईंगच्या आत असलं तरी सलग सात वेळा वरच चढत गेलं की काहीतरी सरकतंय, टूल झिजतंय किंवा अजून काही, तेव्हाच थांबायचं. तुमच्या सॉफ्टवेअरमधे हा चार्ट काढायची सोय असंल, मेनूत शोधा, बहुतेक वेळा पैसे भरलेले असतात आणि कुणी उघडलेलं नसतं. फक्त चार्ट लावायच्या आधी गेजचा जीआरआर, म्हणजे तेच माप परत परत मोजलं तर किती फरक येतो याची तपासणी, करून घ्या, मोजण्यातलाच फरक ३० टक्क्याच्या वर असंल तर ते मोजणं धरताच येत नाही, १० च्या आत असंल तर निर्धास्त.

मोजण्यावरनं एक माझं सांगतो, कारण तुमच्या एक्सेलमधे पण मला तसाच वास आला. एका कंपनीत आमचा ॲल्युमिनियमचा हाउसिंग होता, ६० मिमीचा बोअर. दर वर्षी एप्रिल-मे आला की कस्टमर म्हणायचा बोअर घट्ट येतोय, आम्ही म्हणायचो आमच्याकडं ओके आहे, जूनला पाऊस पडला की कंप्लेंट आपोआप बंद. तीन उन्हाळे असं चाललं. तेव्हा रजिस्टरं होती, वर्ष संपलं की नवीन रजिस्टर आणि जुनं माळ्यावर, त्यामुळं तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितलीच नाहीत. झालं असं होतं की बोअर गेज आम्ही एसी रूममधे २४ डिग्रीला मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) झिरो करायचो आणि बाहेर शेडमधे ४० डिग्रीतल्या पार्टमधे घालायचो. ॲल्युमिनियम एका मीटरला एका डिग्रीला साधारण २३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढतं, म्हणजे ६० मिमीला १६ डिग्रीत २२ मायक्रॉन. आमचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, ३० मायक्रॉनचा. गरम असताना भोक मोठं दिसायचं, कस्टमरच्या थंड खोलीत गेलं की आकसायचं. मापाचं प्रमाण तापमान २० डिग्री आहे ते काही उगाच नाही. पार्ट तासभर गेज रूममधे ठेवून मग मोजायचं ठरवलं आणि संपलं. तुमच्या ‘साईज आउट’च्या ११ पैकी ८ मार्च ते जूनमधल्या आहेत. स्टीलला हा वाढा ॲल्युमिनियमच्या साधारण निम्मा असतो, पण आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याची शेड, बघा एकदा. मला सॉफ्टवेअरचं खरं मोल इथं वाटतं, दोन-तीन वर्षांचे महिने एकाखाली एक लावून एका क्लिकमधे दाखवतं, ते रजिस्टरला कधीच जमलं नसतं.

होल्डचं, म्हणजे अडवून ठेवलेल्या मालाचं, एक. चौथ्या कंप्लेंटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की लाल टॅग लावलेली ट्रे तरीपण गाडीत गेली. टॅग पडतात, संध्याकाळी सहाला गाडी उभी असते आणि डिस्पॅचवाल्याला आकडा पूर्ण करायचा असतो, त्याच्या जागी मी असतो तर मी पण भरली असती. सॉफ्टवेअरमधे होल्डचं वेगळं स्टोअर बनवा आणि तो लॉट तिथं हलवा, तिथल्या मालाचं चलन-बिल निघायलाच नको अशी सेटिंग करून घ्या, मग टॅग पडला तरी गाडी जात नाही. आणि कंप्लेंट आली की त्या तासाला चार ठिकाणचा आकडा काढा, कस्टमरच्या स्टोअरला किती, रस्त्यात किती, तुमच्या तयार मालात किती, लाईनवर किती. लॉट नंबर नीट टाकलेले असतील तर हे दहा मिनिटाचं काम आहे, नसतील तर रात्रभर सॉर्टिंग.

मग क्लोज करायचं. तुम्ही सगळ्या सात दिवसात क्लोज केल्यात, त्याचं ऑडिटमधे कौतुक झालं, पण आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत १०.२ कलमात केलेला उपाय लागू पडला का ते तपासा असं स्पष्ट आहे, आणि सात दिवसात ते कसं कळणार. सॉफ्टवेअरमधे ‘बंद’च्या आधी अजून एक पायरी टाका, ‘उपाय केला, नजर ठेवून आहोत’. त्या पायरीवर पुढचे तीन लॉट नाहीतर ३० दिवस, जे उशिरा संपंल ते. आणि ज्यानं उपाय केला त्यानं बंद करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं, तुमच्याकडं प्रॉडक्शनच्या सुपरवायझरनी केलं तरी चालंल. उघड्या कंप्लेंटचा आकडा वाढलेला दिसंल, दिसू द्या. ऑडिटर विचारंल तर तीन लॉटचा डेटा दाखवा, चांगला ऑडिटर खूश होतो.

बंद करायच्या आधी दोनच प्रश्न. एक, या कंप्लेंटमुळं कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं), एफएमईए (काय काय बिघडू शकतं याची यादी) किंवा सेटअप शीट (मशीन कशी लावायची) यातला कोणता कागद बदलला आणि त्याचा नवीन रिव्हिजन नंबर काय. कागद बदलला नसंल तर तुम्ही काही बदललेलंच नाही, उद्या नवीन पोरगा मशीनवर आला की परत जुनंच चालू. दोन, भावकीत कळवलं का. म्हणजे आडवं भोक असलेले तुमच्याकडं अजून किती पार्ट आहेत, त्यांना पण तेच ड्रिल, तीच बर, फक्त त्यांच्या कस्टमरनी अजून बोंब मारलेली नाही. आयटम मास्टरमधे प्रत्येक पार्टला प्रोसेसचं एक नाव देऊन टाका, ‘आडवं भोक’, ‘थ्रेड’, ‘ग्रूव्ह’, मग एका पार्टची कंप्लेंट आली की त्या नावानं शोधलं की सगळी भावकी समोर येते. २००८ च्या आयएसओमधे प्रिव्हेंटिव्ह ॲक्शनचं (दोष व्हायच्या आधीच्या उपायाचं) वेगळं कलम होतं, ८.५.३, २०१५ ला ते काढून जोखमीचा विचार सगळीकडंच करा असं केलं, आणि तेव्हापासून मी बघतोय की बऱ्याच ठिकाणी तो फॉर्म बंद झाला आणि विचार पण बंद झाला. तुम्ही भावकीचा हा एक प्रश्न जरी सोडला नाही तरी पुढच्या वर्षीच्या निम्म्या कंप्लेंट यायच्या आधीच तुम्हाला दिसतील असं माझं मत आहे.

पोरांचं काय करायचं. कंप्लेंटच्या फॉर्मवरनं ऑपरेटरच्या नावाचा रकाना काढून टाका. कोण होतं हे लागलंच तर शिफ्ट आणि मशीनवरनं हजेरीत कळतंच, पण तो फॉर्म सगळ्यांसमोर उघडतो तेव्हा त्याच्यावर नाव नको. आणि स्वतःहून दोष दाखवणाऱ्याची नोंद सुरू करा. रात्रपाळीत एखाद्याला ड्रिलचा आवाज बदललेला कळतो, हाताला कंप कळतो, सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी, पण तो सांगत नाही कारण मागच्या वेळी ज्यानं सांगितलं त्यालाच सॉर्टिंगला बसवलं. टाईप करायला लावू नका, मोबाईलवर फोटो आणि मराठीत बोलून आवाज पाठवू दे, सॉफ्टवेअरमधे तुम्ही टाका. पहिले पंधरा दिवस कुणी काही पाठवणार नाही, धीर धरा, पहिल्या माणसाला त्रास झाला नाही हे बाकीच्यांनी बघितलं की येतात.

आता शेठ. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना चार्ट पण दाखवू नका, रुपये दाखवा. या २३ नोंदीत किती बुश स्क्रॅप झाले, सॉर्टिंगला किती माणसं किती तास बसली, कस्टमरकडं पाठवलेल्या पोरांचं जाणंयेणं, जादा टेंपो, डेबिट नोट, सगळं एका पानावर. शेजारी ड्रिलचा खर्च लिहा, आत्ता महिन्याला किती लागतात आणि वेळेत बदलले तर किती लागतील. ड्रिलचा खर्च वाढणार, ते लपवू नका, तोच आकडा त्यांना आधी सांगा, शेठ लोकांना खर्च लपवलेला आवडत नाही. पान सोमवारी सकाळी द्या, महिनाअखेरीला अजिबात नको.

पुण्याच्या माणसाला सांगा सहा महिन्यांनी या. त्याचं सॉफ्टवेअर चांगलं असंल पण, मला त्याच्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाही, पण त्यात पण ‘बर’ आणि ‘बर्र’ वेगळंच मोजलं जाणार. तो आलाच तर त्याला तुमच्या या २३ ओळी द्या आणि म्हणा, माझ्या डेटावर दाखवा, लॉटवरनं मशीन, मशीनवरनं टूल, टूलवरनं बाकीचे पार्ट कसे सापडतात, त्याच्या तयार डेमोवर काही ठरवू नका. आणि टूल बनवायच्या-जपायच्या बाबतीत काही अडलं तर चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथं ट्रेनिंग असतात, तुमच्या ड्रिल नंबर ३ च्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) पाठवता आलं तर बघा. क्वालिटीच्या माणसाला सगळे पाठवतात, सेटरला कुणी पाठवत नाही.

या आठवड्यात एवढंच करा, दोषांची यादी आणि ड्रिलचा तो ट्रे. ट्रे लावायच्या दिवशी ड्रिल नंबर ३ वर जो असंल त्याला आधी बाजूला घेऊन सांगा की हे ड्रिल तपासायचंय, तुला नाही, आणि दर ५० वा बुश त्यालाच उचलून ठेवू द्या, नंबर पण त्याच्याच हातानी टाकू द्या. संध्याकाळी बुश कापताना तो तिथं पाहिजे. कितव्या बुशपासून बर चालू झाली तो आकडा मला नक्की कळवा, मी वाट बघतोय.